सिंदूर, शंखाच्या बांगड्या आणि एक माउझर

1915 साली कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी जेलमध्ये रामचंद्र मजुमदार या क्रांतिकारकाला भेटायला त्याची पत्नी आली. भांगात सिंदूर, हातात शंखाच्या बांगड्या, डोक्यावर पदर. नवऱ्याच्या काळजीने येणाऱ्या अशा बायका तुरुंगाच्या दारावरचे पहारेकरी नेहमीच पाहत. भेटीची परवानगी मिळाली, दोघांचे बोलणे झाले आणि बाई निघून गेली. तेवढ्या वेळात तिने एका माउझर पिस्तुलाचा ठावठिकाणा विचारून घेतला होता. श्रमजीवी समवाय या स्वदेशी दुकानावर छापा पडला तेव्हा रामचंद्र अचानक पकडला गेला होता आणि पिस्तूल कुठे ठेवले आहे हे साथीदारांना सांगायला त्याला सवडच मिळाली नव्हती.

भेटायला आलेली बाई त्याची पत्नी नव्हती. हुगळीच्या पश्चिम काठावरच्या बाली गावची ती एक ब्राह्मण विधवा होती. नाव ननीबालादेवी, वय सत्तावीसच्या आसपास.

विधवेने भांगात सिंदूर भरायचा, सवाष्णीच्या बांगड्या घालायच्या आणि परपुरुषाची बायको म्हणून शंभर डोळ्यांसमोरून चालत जायचे, याचा त्या काळातला अर्थ मराठी वाचकाला वेगळा सांगायला नको. 1893 मध्ये धोंडो केशव कर्वे यांनी विधवेशी लग्न केले तेव्हा त्यांच्या मुरूड गावाने त्यांना वाळीत टाकले होते. बंगालमध्ये विद्यासागरांच्या खटपटीने विधवाविवाहाचा कायदा 1856 मध्येच झाला होता, पण बालीसारख्या गावातल्या ब्राह्मणघरांत तो कागदावरच राहिला. पोलिसांनी पकडले असते तर ननीबालांना तुरुंग भोगावा लागला असता. गावाने ओळखले असते तर माहेरचा उंबरठा कायमचा बंद झाला असता. त्यांनी दोन्ही धोके एकदमच पत्करले.

ज्या पिस्तुलासाठी हे सारे झाले, त्याची हकिकत एक वर्ष आधी सुरू होते. 26 ऑगस्ट 1914 रोजी, महायुद्धाला तोंड फुटून महिनाही झाला नव्हता, तेव्हा कलकत्त्यातल्या रॉडा कंपनी या बंदूकविक्रेत्यांच्या मालाच्या 202 पेट्या कस्टम हाउसमधून सोडवायच्या होत्या. ते काम कंपनीचा कारकून श्रीशचंद्र मित्र याच्याकडे होते. त्याने बैलगाड्या जुंपल्या आणि 192 पेट्या कंपनीच्या गोदामात आणून टाकल्या. उरलेल्या 10 पेट्यांची गाडी हाकणारा माणूस मुळी गाडीवान नव्हताच. गाडीवानाच्या वेशात तो क्रांतिकारक हरिदास दत्त होता. गाडी मलंगा लेनकडे वळली आणि तिच्याबरोबर 50 माउझर पिस्तुले व 46,000 काडतुसे नाहीशी झाली. श्रीशचंद्रही त्या दिवसानंतर कुणाला दिसला नाही. रौलट समितीने 1918 च्या अहवालात नोंदवले आहे की यांतली 44 पिस्तुले बंगालमधल्या नऊ वेगवेगळ्या गटांना जवळजवळ लगेच वाटली गेली आणि पुढे दरोडे व खुनांच्या 54 प्रकरणांत ती वापरली गेली. एकेका माउझरची किंमत काय होती हे यावरून कळावे. तुरुंगातल्या माणसाकडून एका पिस्तुलाचा पत्ता मिळवण्यासाठी एवढा धोका का पत्करला, याचेही उत्तर त्यातच आहे.

ही शस्त्रे बाळगणाऱ्यांच्या युद्धकाळातल्या कटाची एक दोरी महाराष्ट्रापर्यंत पोहोचली होती. पुणे जिल्ह्यातल्या तळेगाव ढमढेऱ्याचा विष्णू गणेश पिंगळे अमेरिकेत शिकायला गेला, तिथे गदर पक्षात सामील झाला आणि नोव्हेंबर 1914 मध्ये सत्येन सेन याच्याबरोबर बोटीने कलकत्त्यालाच उतरला. तिथे तो जतींद्रनाथ मुखर्जी, म्हणजे बाघा जतीन, यांना भेटला आणि पुढे काशीला रासबिहारी बोस यांच्याकडे गेला. फौजेतल्या हिंदी शिपायांनी एका दिवशी उठाव करायचा, जर्मनीने शस्त्रांची जहाजे धाडायची, असा तो बेत होता. बेत फुटला. मार्च 1915 मध्ये पिंगळे मेरठच्या घोडदळाच्या छावणीत बाँबसह पकडला गेला आणि 16 नोव्हेंबर 1915 रोजी लाहोरच्या तुरुंगात कर्तारसिंग सराभा याच्याबरोबर फासावर चढला. त्याआधी सप्टेंबरमध्ये बालासोरजवळ बाघा जतीन चार साथीदारांसह पोलिसांशी लढले आणि जखमी होऊन दुसऱ्या दिवशी वारले. त्यांच्या हातातही माउझरच होती.

नेते पडले, पण संघटना उरली आणि तिला आता लपायला जागा हवी होती. इथून पुढचे काम ननीबालांचे होते.

त्यांचे लग्न अकराव्या वर्षी झाले आणि सोळाव्या वर्षी नवरा गेला. वडील सूर्यकांत बंदोपाध्याय यांच्या घरी त्या परतल्या. क्रांतिकारकांचे पुढारी अमरेंद्रनाथ चट्टोपाध्याय हे नात्याने त्यांचे भाचे लागत, आणि या आत्याला चळवळीत त्यांनीच आणले. भूमिगत तरुणही त्यांना पिशीमा, म्हणजे आत्याच, म्हणू लागले.

भूमिगत माणसांना घर मिळणे फार अवघड होते. चार-सहा सडे तरुण भाड्याने खोली मागायला आले की घरमालकाला संशय येई आणि पोलिसांना खबर जाई. घरात एखादी वडीलधारी बाई दिसली, चूल पेटली, वाळत घातलेले लुगडे दिसले की तेच घर बिऱ्हाड होई. ननीबालांनी आधी रिसड्याला आणि मग फ्रेंचांच्या ताब्यातल्या चंदननगरला असे बिऱ्हाड थाटले. ज्यांना पकडून देण्याबद्दल सरकारने बक्षिसे लावली होती ते जादुगोपाल मुखर्जी, अतुल घोष, अमरेंद्रनाथ, भोलानाथ चटर्जी, नलिनीकांत कर हे सगळे तिथे राहिले. पुरुष दिवसभर दारे लावून आत बसत, रात्री बाहेर पडत. पोलिसांची चाहूल लागली की ते पांगत, आणि दारात येणाऱ्या माणसाला तोंड द्यायला पिशीमा पुढे होत.

त्यांच्यापैकी भोलानाथ चटर्जीचा शेवट मराठी मुलखात झाला. जर्मन मदतीचा तुटलेला धागा जुळवायला तो गोव्यात आला आणि 27 डिसेंबर 1915 रोजी तिथून बटाव्हियाला एक तार गेली. त्या तारेवरून ब्रिटिशांनी चौकशी केली, गोव्यात दोन बंगाली सापडले, त्यांतला एक भोलानाथ निघाला. त्याला पुण्याच्या तुरुंगात आणण्यात आले आणि 27 जानेवारी 1916 रोजी त्याने तिथे आत्महत्या केली. 

दरम्यान रामचंद्रची ‘पत्नी’ खरोखर कोण होती, हे पोलिसांना उमगले. बालीत वडिलांची चौकशी सुरू झाली, चंदननगरच्या घरांवरही पाळत आली. तेव्हा ननीबाला एका मैत्रिणीच्या भावाबरोबर थेट पेशावरला गेल्या. बाली गावच्या बाईने तेव्हाच्या हिंदुस्थानच्या दुसऱ्या टोकाचे शहर गाठले. तिथे पोलीस पोहोचले तेव्हा त्यांना पटकीने घेरले होते. आजारी अवस्थेतच त्यांना अटक झाली आणि काशीच्या तुरुंगात आणण्यात आले.

काशीत पोलीस अधिकारी जितेन बॅनर्जी यांनी त्यांची रोज जबानी घेतली. साथीदार कुठे आहेत, एवढा एकच प्रश्न होता. उत्तर मिळेना तेव्हा आधी मिरचीच्या तिखटाने त्यांचा छळ झाला, आणि मग त्यांना तुरुंगातल्या एका जुन्या तळघराच्या कोठडीत कोंडण्यात आले. तिला एकच दार होते, हवेला दुसरी वाट नव्हती. पहिल्या दोन दिवशी अर्धा-अर्धा तास आणि तिसऱ्या दिवशी जवळजवळ पाऊण तास. तिसऱ्या दिवशी दार उघडले तेव्हा त्या बेशुद्ध पडलेल्या होत्या. शुद्धीवर आल्यावरही त्यांनी एकही नाव सांगितले नाही.

यानंतर त्यांना कलकत्त्याला प्रेसिडेन्सी जेलमध्ये हलवण्यात आले, त्याच तुरुंगात, जिथे त्या पूर्वी सवाष्ण बनून येऊन गेल्या होत्या. त्यांच्यावर खटला चालला नाही. 1818 सालचे, म्हणजे पेशवाई बुडाली त्याच वर्षीचे, तिसरे रेग्युलेशन सरकारच्या हाताशी होते. त्याखाली कुणालाही आरोपाशिवाय, न्यायालयाशिवाय, हवे तितके दिवस डांबता येई. 1907 मध्ये लाला लजपतराय यांना याच रेग्युलेशनखाली मंडालेला धाडले होते. बंगालमध्ये त्याखाली राजबंदी झालेली पहिली स्त्री म्हणजे ननीबालादेवी.

तुरुंगात शिरताच त्यांनी अन्न सोडले. समजूत काढायला गुप्तचर खात्याचे अधिकारी गोल्डी आले. काय केले म्हणजे जेवाल, असे त्यांनी विचारले. बागबाजारला सारदामाँच्या जवळ राहू द्या, असे ननीबालांनी सांगितले. रामकृष्ण परमहंसांच्या पत्नी सारदादेवी तेव्हा बागबाजारच्या ‘उद्बोधन’च्या घरात राहत. त्याच भागात 1898 मध्ये इंग्लंडहून आलेली मार्गारेट नोबल, म्हणजेच भगिनी निवेदिता, मुलींची शाळा काढून कायमची राहिली होती, आणि 1899 च्या प्लेगमध्ये स्वतः झाडू घेऊन तिथल्या गल्ल्यांत उतरली होती. सारदामाँचे दार कोणत्या घरातली, कोणत्या वाटेने आलेली, हे न विचारता स्त्रियांना उघडे असे. माहेर बंद झालेल्या विधवेने त्या दाराचे नाव घ्यावे हे साहजिक होते.

गोल्डींनी अर्ज लिहून द्यायला सांगितले. ननीबालांनी लिहून दिला. त्यांच्या देखत तो फाडून गोल्डींनी टोपलीत टाकला. त्या क्षणी उपाशी, अशक्त ननीबाला उठल्या आणि त्यांनी गोल्डींच्या तोंडात मारली. दुसरा हात उगारला तेव्हा आजूबाजूच्यांनी त्यांना धरले. हा राग त्यांच्या हालांबद्दलचा नव्हता. काशीची कोठडी त्यांनी मुकाट्याने सोसली होती. लिहून मागून मग फाडून टाकणे हा अपमान त्यांनी सोसला नाही.

याच तुरुंगात त्यांना दुकडीबालादेवी भेटल्या. बीरभूम जिल्ह्यातल्या झाउपाडा गावची ही गृहिणी. निबारण घटक हा क्रांतिकारक तिचा भाचा, म्हणून त्याच्या साथीदारांची ती माशीमा, म्हणजे मावशी. रॉडाच्या लुटीतली सात माउझर पिस्तुले तिने घरात लपवली होती. जानेवारी 1917 मध्ये पोलिसांनी घराला वेढा घातला आणि पिस्तुले सापडली. कोणी दिली, हे तिने सांगितले नाही. तान्हे मूल घरी ठेवून ती तुरुंगात आली आणि हत्यारांच्या कायद्याखाली तिला दोन वर्षांची सक्तमजुरी झाली. तिच्या वाट्याला रोज अर्धा मण डाळ दळायचे काम होते.

ननीबालांना हे कळले तेव्हा त्यांच्या उपोषणाला वीस दिवस होत आले होते. जेवेन, पण स्वयंपाकाला ब्राह्मण बाई हवी, अशी अट त्यांनी घातली आणि दुकडीबालांचे नाव सांगितले. साहेबांना जातीची अट समजण्यासारखी वाटली आणि त्यांनी ती मान्य केली. दुकडीबाला जात्यावरून सुटल्या. एकवीस दिवसांनी ननीबालांनी अन्न घेतले, पण त्या उपोषणातून त्यांनी मिळवलेली सवलत दुसऱ्या बाईसाठी होती.

1919 च्या सार्वत्रिक माफीत त्या सुटल्या. राजबंदीच्या घरावर पोलिसांची नजर असे आणि कुटुंबाला त्या नजरेचे भय होते. माहेरी त्यांना थारा मिळाला नाही. पुढची अनेक वर्षे त्यांनी भाड्याच्या खोलीत, मिळेल ते काम करून, आजारात आणि गरिबीत काढली. स्वातंत्र्य आले तेव्हा त्यांना फार थोडे लोक ओळखत होते. 1967 मध्ये त्या वारल्या.

त्यांनी पाडलेली वाट मात्र मोडली नाही. 1930-31 मध्ये चित्तगावची प्रीतिलता वद्देदार कलकत्त्याच्या बेथून कॉलेजात शिकत होती. अलीपूरच्या तुरुंगात फाशीची वाट पाहणारा रामकृष्ण विश्वास हा तिच्याच गटाचा. त्याची नात्यातली बहीण आहे असे सांगून, खोट्या नावाने, ती त्याला पुन्हा पुन्हा भेटत राहिली. 4 ऑगस्ट 1931 रोजी त्याला फाशी झाली. पुढच्या वर्षी सप्टेंबरमध्ये पहाडतलीच्या युरोपियन क्लबवरच्या हल्ल्याचे नेतृत्व प्रीतिलताने केले आणि पोलिसांच्या हाती पडण्याऐवजी विष घेतले. त्याच साली 6 फेब्रुवारीला कलकत्ता विद्यापीठाच्या पदवीदान समारंभात बीना दास हिने गव्हर्नर स्टॅन्ली जॅक्सन यांच्यावर गोळ्या झाडल्या. नेम चुकला, पकडली गेली, नऊ वर्षांची सक्तमजुरी झाली. तिच्या हातातले रिव्हॉल्व्हर पैसे जमवून मिळवून देणारी तरुणी होती कमला दासगुप्त. विद्यार्थिनींच्या वसतिगृहाची ती व्यवस्थापक होती आणि त्याच जागी बाँबचे साहित्य सांभाळत होती.

दुसऱ्या महायुद्धात हेच काम पुन्हा करावे लागले. सुभाषचंद्र बोस यांची पुतणी बेला मित्र हिने पती हरिदास मित्र यांच्यासह आझाद हिंद फौजेच्या हेरांना कलकत्त्यात आसरा दिला आणि निरोपांची व्यवस्था सांभाळली. हरिदास मित्र आणि तीन साथीदार पकडले गेले, चौघांना फाशीची शिक्षा झाली. बेला 1945 मध्ये पुण्याला आली. निसर्गोपचारासाठी गांधीजी तेव्हा तिथे राहत होते. गांधीजींनी व्हाइसरॉय वेव्हेल यांना लिहिले आणि फाशीच्या शिक्षा रद्द होऊन जन्मठेपेवर आल्या. फाळणीनंतर बेलाने पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांसाठी बाली-डानकुनी भागात काम केले आणि 1952 मध्ये, वयाच्या जेमतेम बत्तिसाव्या वर्षी, ती गेली. त्या भागातल्या हावडा-बर्धमान कॉर्ड मार्गावरच्या स्टेशनाला तिच्या नावावरून बेलानगर म्हणतात. ननीबालांचे बाली तिथून अगदी जवळ आहे. त्यांच्या नावाचे स्टेशन नाही.

बंगालपुरतीच ही गोष्ट मर्यादित नाही. क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या कन्या हौसाताई पाटील याच वाटेने चालल्या. ब्रिटिश फौजफाट्याच्या नाकावर टिच्चून साताऱ्यात प्रतिसरकार चालू होते तेव्हा, 1944 मध्ये, बाळ जोशी हा कार्यकर्ता हत्यारे आणताना गोव्यात पोर्तुगीजांच्या हाती सापडला. त्याची बहीण म्हणून हौसाताई पणजीच्या तुरुंगात जाऊन त्याला भेटल्या. पळून जाण्याच्या बेताची चिठ्ठी त्यांनी अंबाड्यात लपवून नेली होती. परतताना मध्यरात्री त्यांनी लाकडी पेटीवर तरंगत मांडवी ओलांडली. ननीबालांच्या भेटीनंतर एकोणतीस वर्षांनी, कलकत्त्यापासून शेकडो कोस दूर, एका मराठी मुलीला नेमकी तीच युक्ती सुचली. तिने ननीबालांचे नाव ऐकले असण्याची शक्यता कमीच. सत्तेला बायको, बहीण, आत्या, मावशी संशयास्पद वाटत नाहीत, हे दोघींनी आपापले ओळखले होते.

या धैर्याची नोंद ठेवणे अवघड होते. गोळी झाडणाऱ्याचे नाव खटल्यात येते, वर्तमानपत्रात येते, फासाच्या दोराबरोबर लोकांच्या तोंडी राहते. पिस्तूल लपवणारी, निरोप नेणारी, पाच माणसांचा स्वयंपाक करून दारावर लक्ष ठेवणारी बाई यशस्वी झाली की तिचा कागद कुठेच तयार होत नाही. ननीबालांचे नाव सरकारी दप्तरात आले ते पकडल्या गेल्यामुळे. चंदननगरमधल्या त्यांच्या यशस्वी दिवसांची माहिती आपल्याला आहे ती मुख्यतः कमला दासगुप्त हिच्यामुळे. बीनासाठी रिव्हॉल्व्हर मिळवणाऱ्या या बाईने स्वतः तुरुंग भोगला, आणि 1963 मध्ये स्वातंत्र्यलढ्यातल्या बंगाली स्त्रियांची चरित्रे एकत्र करून पुस्तक छापले. ननीबाला तेव्हा हयात होत्या. प्रीतिलता आणि बीना यांच्या अडवून ठेवलेल्या पदव्या कलकत्ता विद्यापीठाने मरणोत्तर दिल्या त्या 2012 मध्ये. कमलाने आपले काम त्याच्या जवळजवळ पन्नास वर्षे आधी उरकले होते.

मराठीत असे काम झाले, पण अपुरे झाले. हौसाताई 2021 मध्ये, वयाच्या पंचाण्णवाव्या वर्षी गेल्या. अखेरच्या वर्षांत कुणी जाऊन विचारले म्हणून मांडवीची ती रात्र आपल्याला कळली. सातारा, सांगली, कोल्हापूर आणि गोव्याच्या सीमेवरच्या गावांत भूमिगतांना जेवू घालणाऱ्या, चिठ्ठ्या पोहोचवणाऱ्या बायकांची घरे अजून आहेत. त्या पिढीतल्या आता फारशा उरल्या नाहीत, पण त्यांच्या तोंडून ऐकलेल्या लेकी-सुना आहेत. जुनी पेन्शनची कागदपत्रे, पत्रे, छायाचित्रे ट्रंकांत आहेत. ज्यांच्या घरात अशी आजी होती, त्यांनी नावे, गावे, साले विचारून या वर्षी लिहून काढावीत आणि एक प्रत जवळच्या वाचनालयात द्यावी.